धुवा, घासू नका!

सकाळी सागर विहारला फिरायला जाणाऱ्या माणसाने काय काय सोसावं, याला काही मर्यादा असायला हवी. खाडीचा वास मी सोसतो. हास्यक्लबवाल्यांचं पोटातून ओढून काढलेलं 'हो हो, हा हा' सोसतो. समोरून येणारा प्रत्येक जण "आज उशीर?" म्हणतो, तेही सोसतो. परंतु गेल्या मंगळवारी आमच्याच बिल्डिंगमधल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी भर रस्त्यात माझं मनगट धरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि डॉक्टरने पेशंटच्या जिभेकडे बघावं तसं माझ्या घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्याकडे बघून ते म्हणाले, "अहो, हे काय? किती चरे पडलेत! पॉलिश करून घ्या की. हा माझा बघा!"

मी बघितला. न बघून सांगतो कुणाला? सूर्य नुकता वर आला होता आणि त्यांच्या मनगटावर आणखी एक उगवला होता. हे गृहस्थ दर दोन महिन्यांनी पट्टा दुकानात नेऊन मशीनवर घासून घेतात. दुकान बंद असेल तर घरी टूथपेस्ट लावतात. टूथपेस्ट संपली असेल तर तांब्यापितळेच्या भांड्यांची पावडर. एकदा म्हणे त्यांनी देवघरातल्या समईबरोबर तो चिंचेतही बुडवून ठेवला होता.

"आरशासारखा झालाय की नाही?"

"झालाय," मी म्हणालो.

मी स्वभावाने भित्रा आहे. समोरासमोर वाद घालत नाही. घरी येऊन लेख लिहितो. तो हा.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना आंघोळीला उशीर होतोय ते इथूनच उठू शकतील. घड्याळाचा पट्टा धुवायचा असतो, घासायचा नसतो. वरची चमक ही पट्ट्याची तब्येत नव्हे. त्याची तब्येत दोन कड्यांमधल्या फटीत असते, आणि तिकडे आपण ढुंकूनही बघत नाही.

महाराष्ट्रात पक्ष पुष्कळ झाले असले, तरी माझ्या मते मूळचे पक्ष दोनच. घासे आणि धुवे. घासे प्रचंड बहुमतात आहेत. काहीही दिसलं की ते घासायला घेतात. दरवाजाची पितळी कडी घासतात, मूर्ती घासतात, आणि घासून घासून देवाचं नाक सपाट झालं की "काय तेज आलंय!" म्हणतात. धुवे बिचारे अल्पसंख्य. त्यांच्या कामाचा कुणाला पत्ताच लागत नाही, कारण धुतलेली वस्तू पूर्वी होती तशीच दिसते. घासलेली वस्तू मात्र नवी दिसते, आणि नव्याची आपल्याला अशी काही ओढ की तिच्यापायी जुनं कितीही झिजलं तरी आपली हरकत नसते.

आता थोडं धातूबद्दल. घाबरू नका, मी कॉमर्सचा आहे. मला समजलं ते कुणालाही समजेल.

इंग्लंडात शेफील्ड म्हणून सुऱ्याकात्र्यांचं गाव आहे. तिथे 1913 साली हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून बघत होता. बंदुकीचं काय झालं ते राहू द्या, पण त्या पोलादाला गंज चढेना. तेच आपलं स्टेनलेस स्टील. तुमचं वरणाचं पातेलं आणि तुमच्या घड्याळाचा पट्टा एकाच कुळातले. बऱ्याच भांड्यांच्या बुडावर 18/8 असा आकडा असतो, तो म्हणजे शंभरात 18 भाग क्रोमियम आणि 8 भाग निकेल. चांगल्या पट्ट्यांत वर थोडं मॉलिब्डेनमही घालतात, म्हणजे घामाच्या मिठाला ते जास्त दाद देत नाहीत.

या क्रोमियमची गंमत अशी की हवेतला प्राणवायू घेऊन ते स्टीलच्या अंगावर एक साय धरतं. साय किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दोन-चार भाग. डोळ्याला दिसत नाही, पण गंजाला ती आत येऊ देत नाही. चरा पडला की साय फाटते, आणि हवा लागताच पुन्हा धरते. दुधाच्या सायीसारखी तिला रात्रभर वाट बघावी लागत नाही. म्हणजे बघा, वरच्या चऱ्याची काळजी पट्टा स्वतःची स्वतः घेतो. त्याला तुमच्या टूथपेस्टची गरज नाही.

गरज आहे ती फटीत. दोन कड्यांच्या मधे हवा नीट पोचत नाही. तिथे साचतं काय? आपला घाम, आपलीच झडलेली कातडी, आंघोळीच्या साबणाचा लगदा, टाल्कम पावडर, रस्त्यावरची धूळ. वाशीत राहत असाल तर खाडीवरून येणारी खारी हवा वरून फुकट. एपीएमसी मार्केटच्या बाजूला कामाला असाल तर मिरचीची पूड आणि गव्हाचा भुसाही. या सगळ्याचं घट्ट काळं लोणचं होऊन फटीत बसतं. तिथे साय फाटली की हवेवाचून ती पुन्हा धरत नाही आणि मीठ आत खात सुटतं. शिवाय त्या लोणच्यातली बारीक धूळ मनगट हललं की कड्यांना जोडणाऱ्या पिना घासते. वर्षानुवर्षं घासते. पुढे एक दिवस पट्टा सैल वाटायला लागतो. आपण म्हणतो, "मी बारीक झालो वाटतं!" आणि खूष होऊन आणखी एक बटाटेवडा खातो. आपण बारीक झालेलो नसतो. पिना बारीक झालेल्या असतात.

आणि घासे लोक या पट्ट्याचं काय करतात? वरून घासतात! पॉलिश म्हणजे पट्ट्याला काहीतरी लावलं असं त्यांना वाटतं. लावत काहीच नाहीत, काढतात. चरा घालवायचा म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंतचं आजूबाजूचं सगळं स्टील खरवडून काढायचं. गालावर खड्डा आहे म्हणून सबंध गालच खाली आणण्यातला हा प्रकार. दोन-चार वेळा झालं की कड्यांचे कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल होतात. कारखान्यात आरशासारख्या गुळगुळीत कड्यांच्या शेजारी मुद्दाम बारीक रेघांच्या मंद कड्या बसवलेल्या असतात. त्या दोघी सरसकट चकाकायला लागतात आणि पट्टा लग्नातल्या बँडवाल्याच्या बटणांसारखा दिसतो. सोनेरी मुलाम्याचा असेल तर विचारूच नका. मुलामा असतोच केवढा! घासताना जे निघतं ते सोनं, आणि जे उरतं ते खालचं पितळ. लोक पैसे देऊन हे करून घेतात.

तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला झालं काय? पट्टाच तो! तर सांगतो.

हे घड्याळ आमच्या बाबांचं. एचएमटीचं 'जनता'. 1961 साली बंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीचा घड्याळाचा कारखाना निघाला, तेव्हा पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली होती. पुढे 2016 साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, ते वाचायला बाबा नव्हते, हे एका परीने बरंच झालं. बाबांनी घड्याळ घेतलं 1974 साली. सतरा ज्वेल्सचं, चावीचं. रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधीचं पिप् पिप् झालं की ते चावी द्यायचे, आणि त्या वेळी घरात कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. जणू काही त्यांनी चावी दिली नाही तर आकाशवाणीही बंद पडली असती.

घड्याळाला आधी कातड्याचा पट्टा होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याला वास मारू लागला. तेव्हा दादरच्या एका दुकानातून बाबांनी हा स्टीलचा पट्टा आणला. 'चेनचं घड्याळ' म्हणून चाळीत आठवडाभर लोक बघायला येत होते. पण बाबा गिरणीच्या ऑफिसात हिशेबनीस. तिथे सगळे जण जेवणाआधी बेसिनवर घड्याळं काढून हात धूत. अदलाबदल झाली तर? म्हणून त्या रविवारी बाबांनी माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि मनगटाच्या खालच्या बाजूला येतो त्या खटक्यावर आमच्या आडनावाचा 'ग' कोरायला बसले. पट्टा घट्ट धरून ठेवायचं काम माझ्याकडे. मी बारा वर्षांचा. 'ग'चा पोटाकडचा भाग झकास जमला. काठी ओढताना खाली चाळीच्या अंगणात कुणाची तरी विकेट पडली, ओरडा झाला, मी हललो, आणि कर्कटक सटकन घसरलं. 'ग'च्या काठीला लांबलचक शेपूट फुटलं, ते पार खटक्याच्या कडेपर्यंत.

बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या काळी वडिलांना तेवढं पुरत असे.

1983 साली आम्ही वाशीला राहायला आलो. तेव्हा वाशीला जाणं म्हणजे परदेशी जाणं होतं. पूल होऊन दहा वर्षं झाली होती, पण रेल्वे आली ती 1992 साली. तोवर नातेवाईक "एकदा यायचंय तुमच्याकडे" असं म्हणत आणि येत नसत. बाबा संध्याकाळी खाडीच्या बाजूला फिरून येत आणि आले की ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पट्टा पुसत. दर रविवारी वाटीत कोमट पाणी, त्यात साबणाचा चुरा, आणि माझा जुना टूथब्रश. "वरून काय पुसतोस? वाकव तो. मधे बघ," एवढंच ते मला शिकवत. मला वाटे, म्हातारपणचा चाळा आहे. 1996 साली बाबा गेले. घड्याळ माझ्या हातात आलं. वाटीतलं कोमट पाणी काही माझ्याकडे आलं नाही. आम्ही हार्बरवर लोंबकळणारी माणसं. डब्यातल्या कड्यांवर घासून घासून पट्ट्याला चरे पडत गेले आणि फटी काळ्या होत गेल्या.

2019 साली पुतणीचं लग्न ठरलं. मी मुलीचा काका, म्हणजे मांडवात पहिल्या रांगेत. ही म्हणाली, "अहो, त्या काळ्या पट्ट्याचं काहीतरी करा." म्हणणं बरोबर होतं. हिच्या बोलण्यात 'पॉलिश' हा शब्द नव्हता, हे मी नोंदवून ठेवतो, कारण हा लेख तीही वाचणार आहे. पॉलिश हा दिवा माझा. मी घड्याळ घेऊन वाशीतल्याच एका दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगा होता. अत्यंत अदबशीर. "काका, बसा. एकदम नवा करून देतो." आतून चाकाचा घूंऽऽ आवाज आला. पंधरा मिनिटांत पट्टा बाहेर आला तो असा लखलखीत की मी स्वतःला त्यात बघून भांग नीट केला. तीनशे रुपये झाले. मी पैसे दिले, आणि तो मुलगा आपुलकीने म्हणाला, "काका, खटक्यावर एक खूप खोल चर होती. ती पण घालवली. तिचे एक्स्ट्रा नाही घेतले."

मी त्याला "थँक यू" म्हणालो.

हो. म्हणालो. ती चर म्हणजे काय, हे डोक्यात शिरायला मला रस्ता ओलांडून रिक्षात बसेपर्यंत वेळ लागला. रिक्षात खटका उलटा केला. कोरा करकरीत. 'ग' नाही, काठी नाही, शेपूट नाही. पंचेचाळीस वर्षं लोकलच्या गर्दीने, घामाने, खाडीच्या हवेने ज्याला हात लावला नव्हता, ते तीनशे रुपयांत साफ झालं होतं. 'ग' बाबांचा होता, पण शेपूट माझं होतं हो! बाबांनी आणि मी दोघांनी मिळून केलेली तेवढी एकच वस्तू घरात होती.

त्या मुलाचा दोष नाही. त्याला चरा दिसला, त्याने घालवला. चरा आणि अक्षर यांतला फरक चाकाला कळत नाही, तो गिऱ्हाइकाने सांगायचा असतो. मी सांगितला नव्हता, कारण मी चमक आणायला गेलो होतो.

आणि खरी थट्टा पुढेच आहे. घरी येऊन पट्टा वाकवून बघितला, तर फटीतला मळ होता तिथेच! तसाच, काळा कुळकुळीत. सुईने कोरला तर निघाला. म्हणजे जे राहायला हवं होतं ते पॉलिशने नेलं आणि जे जायला हवं होतं त्याला हातही लावला नाही. घासण्याचं सगळं तत्त्वज्ञान मला त्या सुईच्या टोकावर दिसलं.

तेव्हापासून मला जिकडे तिकडे तेच दिसतं. कुणी बडा पाहुणा येणार म्हटलं की रस्त्याच्या दुभाजकांना रातोरात काळा-पिवळा रंग बसतो. त्याच्या शेजारचं गटार मात्र आपल्या मूळ रंगात असतं. सोसायटीच्या सभेत बाहेरून रंग काढायचा ठराव दहा मिनिटांत मंजूर होतो आणि गच्चीतल्या गळतीचा विषय 'पुढील सभेत' जातो. पाहुणे यायचे म्हटलं की आपणही बाहेरची खोली झाडून सगळा पसारा आतल्या खोलीत लोटतो आणि दार ओढून घेतो. आपण सगळे वरून घासणारे. फटीत बघायचं म्हणजे वाकावं लागतं, आणि वाकणं आपल्याला जिवावर येतं.

मी अतिरेकी नाही. एखाद्या पट्ट्याला खरोखरच खोल जखम झाली असेल, तर ज्याला कुठली कडी गुळगुळीत आणि कुठली रेघांची हे कळतं, अशा जाणत्या घड्याळजीकडे दहा-पंधरा वर्षांतून एकदा जायला माझी ना नाही. जाताना फक्त काय घालवायचं नाही, ते आधी सांगा. जमल्यास लिहून द्या.

एरवी कृती सोपी आहे. जुनं चावीचं घड्याळ असेल तर पट्टा आधी सोडवून घ्या, कारण त्या घड्याळाला पाणी चालत नाही. सोडवताना स्प्रिंगची पिन बोटाने दाबून धरा, नाहीतर ती उडते, आणि उडाली की फ्रिजखालीच जाते. वाटीत कोमट पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब. एकच! पट्टा दहा मिनिटं भिजू द्या. मग लहान मुलाचा जुना मऊ ब्रश घेऊन आधी आतली, कातडीला लागणारी बाजू. मग पट्टा बोटावर वाकवा. वाकवला की फटी उघडतात, तिथे ब्रश चालवा. पाणी करडं होईल. दचकू नका, ते आपलंच आहे. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, सुती पंचाने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. घाई करून ओला पट्टा चढवलात, तर मनगटाला खाज सुटेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. कपड्यांचं ब्लीच त्याच्या आसपासही नको, स्टीलच्या सायीचं ते वैरी आहे. लिंबू नको, चिंच नको, राख नको, रांगोळी तर नकोच नको. पंधरवड्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात दर रविवारी. खर्च शून्य. कदाचित म्हणूनच कुणी करत नाही.

गेल्या महिन्यात ही म्हणाली, "एवढं वाटतं तर काढा की पुन्हा 'ग'!" नातवाची कंपासपेटी आली. नातवाने पट्टा धरला, मी कर्कटक टेकवलं. पण खाली अंगण नाही, गाड्यांचं पार्किंग आहे. विकेट पडायची शक्यता नाही. नातू तर मोबाइलवर डोळे लावून दगडासारखा स्थिर. नुसता 'ग' माझा मी काढला असता हो, पण ठरवून घसरायचं कसं? कर्कटक पेटीत ठेवून दिलं.

तर गेल्या मंगळवारचं राहिलंच. बँकवाले मला आरसा दाखवत होते, म्हणजे मनगट उंच धरून हलवत होते, आणि टक् असा आवाज आला. एक पिन तुटली आणि ते सोनेरी तेज घड्याळासकट रस्त्यावर पडलं. काच वाचली. मी पट्टा उचलला. वरून आरसा, आणि फटीतून ते माझ्या ओळखीचं काळं लोणचं. पिन मधोमध झिजून दोऱ्यासारखी झाली होती. मी काही बोललो नाही. भित्रेपणाचा एक फायदा असा की तो लांबून सभ्यपणासारखा दिसतो.

रविवारी मी त्यांना घरी बोलावलं. वाटी, कोमट पाणी, एक थेंब साबण, नातवाचा ब्रश. त्यांच्या पट्ट्यातून जे निघालं त्याचं वर्णन चहाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी करत नाही. तेही गप्प झाले. "इतकं होतं?" म्हणाले. अर्धा तास मान खाली घालून स्वतःच्या हाताने एकेक फट धूत होते. पंचाने टिपून पट्टा त्यांनी खिडकीशी धरला. एक धुव्या जन्माला आला असं मला वाटलं, आणि डोळे भरून यायच्या बेतात होते.

"वा!" ते म्हणाले. "आतून एकदम साफ झाला हो! आता वरून एक हात पॉलिशचा मारला की काम फत्ते!"